आईचा मोतीबिंदू माझ्या खात्यात

एका गावात एक भोळा माणूस होता. तो मीच. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावकऱ्यांनी तशी विनंती केली आहे. माझं नाव रंगनाथ ढगे. ते सांगायला कोणाची हरकत नाही.

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नेमकं त्याच वेळी आमच्या घरी पहिलं बाळ आलं. जो तो म्हणे, मुलगी आजीवर गेलीये, नाक तर हुबेहूब. आई बाळाला अगदी डोळ्यांजवळ धरायची आणि म्हणायची, "मला नुसती भाकरी दिसतीये. नाक कुठंय?" मग पदराने डोळे पुसायची. पुसून काही उपयोग नव्हता, तरी पुसायची. मला ते बघवत नसे.

गावच्या आशा सेविका रोहिणीताई म्हणाल्या, "रंगाभाऊ, आता सगळं मोबाईलवर आलंय. आरोग्याचं खातं उघडा. त्यात ठेवलेले कागद कुठल्याही दवाखान्यात दिसतात. फक्त माहिती खरी भरा. आणि मोबाईलवर नंबर येईल तो कोणाला सांगू नका. सख्ख्या बापालाही नाही." एवढं सांगून त्या पोलिओचे डोस द्यायला गेल्या.

मी खातं उघडलं. मोबाईलने विचारलं, तुमचं नाव काय? मी रंगनाथ लिहिलं. वय चौतीस. पुरुष. एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, पहिल्या मंगळवारी. आईला घेऊन गेलो. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "मोबाईलवर नंबर आलाय तो सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, त्याशिवाय मला तुमचं खातं उघडता येणार नाही."

"मी वडिलांना सांगितलेला नाही, तुम्ही तर परक्या."

माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण नियम तो नियम. मागच्या रांगेतून बरंच काही ऐकू आलं. डॉक्टर जेवायला गेले, तिथून दुसऱ्या गावाला गेले. आम्ही घरी आलो. बाळ दीड महिन्याचं झालं होतं.

रोहिणीताईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, दवाखान्यात कसली लपवाछपवी? तिथे विचारतील ते सगळं सांगायचं. काही मागे ठेवायचं नाही."

"हे आधी सांगायचं ना," मी म्हणालो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी नंबर खिडकीवर सांगितला. शिवाय रखवालदाराला आणि चहावाल्यालाही सांगितला, उगाच राहायला नको. डॉक्टरांनी आईचे डोळे तपासले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करू म्हणाले आणि तसं खात्यात नोंदवलं. मग विचारलं, "आणखी काही त्रास?"

मी काही मागे ठेवलं नाही. पडवी गळते ते सांगितलं. मेहुणा बहिणीला न्यायला येतो आणि पंधरा दिवस राहतो ते सांगितलं. आई घोरते, आणि दुपारी सगळे झोपले की डब्यातला गूळ खाते, तेही सांगितलं.

"गूळ?" डॉक्टर म्हणाले.

"रोज. हा एवढा."

रक्त तपासलं. साखर चढलेली होती. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, म्हणजे आणखी एक महिना. घरी उंबऱ्यात पाय ठेवल्यावर आई म्हणाली, "रंग्या, सुनेला माहीत नव्हतं ते तू सरकारला सांगितलंस."

रोहिणीताई म्हणाल्या, "आता एकच करा. जास्त बोलू नका. विचारलं की नुसतं 'हो' म्हणा. आणि घरात दवाखान्याचे जेवढे कागद असतील तेवढे खात्यात चढवून ठेवा, पुन्हा खोळंबा नको."

"हे आधी सांगायचं ना."

मी ट्रंक उघडली. आईचे कागद चढवले. बायकोच्या बाळंतपणाचे चढवले. बाळाच्या लशीचा कागद चढवला, म्हशीच्या लाळ्या-खुरकताच्या लशीचाही चढवला, कारण गुरांचा असला तरी दवाखाना तो दवाखानाच. आईने महिनाभर गुळाकडे पाहिलं नाही. तसाही तिला तो दिसत नव्हता.

महिन्याने, तिसऱ्या खेपेला, आईला बाकावर बसवलं. सिस्टरने हाक मारली, "रंगनाथ ढगे." मी चपला काढून आईजवळ ठेवल्या आणि आत गेलो. आज डॉक्टर नवे होते, ऑपरेशनं बावीस होती. सिस्टरला मान वर करायला वेळ नव्हता. ती स्क्रीनवर बघून बोलत होती.

"रंगनाथ ढगे तुम्हीच?"

"हो."

"उजवा डोळा?"

"हो."

"साखर उतरली?"

"हो."

"तुमचं बाळंतपण झालंय?" तिने स्क्रीनवर टिचकी मारली.

"हो."

"आणि लाळ्या-खुरकताची लस?"

"हो."

"या कॉम्प्युटरचं काही खरं नाही," सिस्टर म्हणाली.

"हो."

तिने मला हिरवा झगा दिला, टोपी दिली, उजव्या भुवईवर पेनाने बाण काढला आणि बजावलं, "डॉक्टर सांगेपर्यंत हे काही काढायचं नाही." मग डोळ्यात थेंब घातले. मला वाटलं, पेशंटबरोबर आलेल्यांचंही करत असतील. सरकारी काम आहे, चांगलं असतं. टेबल गार होतं. मी झोपलो.

डॉक्टरांनी दिवा ओढला. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"यात मोतीबिंदू दिसत नाही," ते म्हणाले. "कुठे गेला?"

आता यावर 'हो' कसं म्हणणार? मी म्हणालो, "बाहेर बाकावर बसलाय, साहेब. माझ्या चपला सांभाळतोय."

पुढे जे बोलणं झालं ते मी कोणत्याही खात्यात नोंदवणार नाही. डॉक्टर देवमाणूस. त्यांनी सगळ्यात शेवटी आईला आत घेतलं आणि ऑपरेशन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाळाला घेऊन आली. सिस्टरने आईची पट्टी काढली. आईने बाळाला हातभर लांब धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "नाक माझंच आहे गं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. मी पुढे झालो.

आईने मला पायापासून वरपर्यंत नीट पाहिलं. अंगात हिरवा झगा, डोक्यावर टोपी, भुवईवर बाण. डॉक्टर घाईत निघून गेले होते. काढा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

"हे कोण?" आईने विचारलं.

"तुमचे चिरंजीव," बायको म्हणाली.

आईने पटकन बाळ छातीशी धरलं. "सूनबाई, नाकाचं राहू दे," ती म्हणाली. "डोकं कोणावर गेलंय ते बघ आधी."