हळदीचे हत्ती

व्याह्यांच्या लग्नमांडवात हळदीऐवजी हत्ती पोहोचले, आणि भूपतसेन महाराजांनी सोमाजी पटवेकऱ्याला कोठडीत टाकलं.

त्या राज्यात निरोप मण्यांच्या माळेतून जायचे. रोजच्या अक्षरांना एकच मणी, अडनिड्या अक्षरांना दोन, काहींना तर तीन. प्रत्येक अक्षर संपलं की गाठ. सोमाजी माळ ओवायचा, बांबूच्या नळीत घालायचा आणि जासूद नळी घेऊन पळायचा. कुणाचं काही अडत नव्हतं. मग एके दिवशी महाराजांना गाठी दिसायला वाईट वाटल्या. झाल्या बंद! वाचणाऱ्यानं पहिल्या मण्यापासून अंदाज घेत पुढे जावं, असं ठरलं.

'व्याह्यांकडे हळद पाठवा' हा निरोप गडाच्या किल्लेदाराला द्यायचा होता. पण सुरुवातीला महाराजांची बिरुदंच एवढी झाली की माळ नळीत मावेना. महाराजांनी मोठ्या मनानं बिरुदं कमी केली. म्हणजे पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला आणि माळेचं तोंड कचकन तोडलं. घाव एका अक्षराच्या मधोमध बसला. उरलेल्या अर्ध्या अक्षरानं शेजारच्याचा मणी ओढला, त्यानं त्याच्या शेजारच्याचा, आणि गडावर पोहोचेपर्यंत हळदीचे हत्ती झाले. किल्लेदार आज्ञाधारक होता. त्यानं होते नव्हते तेवढे सगळे पाठवले. हत्तींनी आधी व्याह्यांचा ऊस खाल्ला, मग मांडव.

"माळ तुझ्या बापानं ओवली," महाराज सोमाजीच्या मुलीला, ठकूला म्हणाले. "उद्या तो राज्याबाहेर!"

"आणि तोडली कुणी, महाराज?"

दरबारातले सगळे एकदम छताकडे पाहू लागले.

ठकूला मात्र छतात रस नव्हता. चूक कुणाची ते लख्ख दिसत असताना माणसं मान वर करून उभी कशी राहतात, हेच तिला कळत नव्हतं. "गाठी परत आणा, महाराज. प्रश्न मिटला."

"दिलेला हुकूम आम्ही मागं घेत नाही!"

कारभारी अंतोबा खाकरले. "सरसकट सगळ्या अक्षरांना तीन-तीन मणी दिले तर? हिशेब सोपा."

"मग माळ न्यायला हत्ती लागेल, काका," ठकू म्हणाली. "आणि ते सध्या लग्नाला गेलेत."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "फार बोलतेस! मग ऐक. मी मजकूर सांगेन तो तुझ्या बापाला, तुला नाही. गाठ नको, एक मणीही जास्त नको. मग डोळे मिटून मी माळ दोन्हीकडून वाटेल तिथे तोडणार. मधला तुकडा तुझ्या हातात. एक अक्षर जरी चुकीचं वाचलंस, तर बापासोबत तूही चालू लाग!"

"चालेल," ठकू म्हणाली. "मला कोठडीत जाऊ द्या. आणि एक कानस हवी."

"कोठडीत कानस?" पहारेकरी दचकला.

"गज नाही कापायचे, दादा. मणी घासायचेत."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी सोमाजीच्या कानात मजकूर सांगितला. सोमाजीनं खाली मान घालून माळ ओवली. अंतोबांनी मणी मोजले. एकही वाढला नव्हता. महाराजांनी डोळे मिटले. कचकन! पुन्हा कचकन! मधला तुकडा ठकूच्या तळहातावर पडला.

तिनं तो बोटांनी चाचपला. पहिले दोन मणी काढून टाकले. शेवटचे दोन मणीही काढून टाकले. मग वाचलं, "ऊस भरून देतो."

सोमाजीनं श्वास सोडला. महाराजांनी डोळे उघडून खाली पडलेले मणी मोजले. "बरोबर आहे! पण चार मणी टाकलेस! का?"

"हे बघा. एकट्या मण्याचं अक्षर असेल तर मणी चपटा. अक्षर मोठं असेल तर त्याच्या पहिल्या मण्याला खाचा. मागे जेवढे मणी, तेवढ्या खाचा. मागचे सगळे गोल. तुकड्याच्या तोंडाशी दोन गोल मणी आले. पोरकेच! त्यांचा म्होरक्या पलीकडे राहिला. शेवटी दोन खाचांचा म्होरक्या, पण मागे गोल मणी एकच. दुसरा तुमच्या अडकित्त्याखाली गेला."

"म्हणजे तू अक्षरं गाळलीस!"

"मोडकी गाळली. चुकीचं वाचू नको म्हणालात, महाराज. मोडक्याला धडधाकट म्हण, असं नाही म्हणालात."

कारभाऱ्यांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

पण महाराज हट्टी होते. त्यांनी माळेचे उरलेले तुकडे पुढे सरकवले. "अखेरचं सांग. माळ केवढी? अंतोबा मणी मोजतो, तुझा बाप अक्षरं मोजतो. दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. खोटा कोण? खोटा निघेल तो आत जाईल."

सोमाजीचा चेहरा उतरला. अंतोबांचा खोकला थांबला.

"कुणीच खोटं नाही," ठकू म्हणाली. "नळीत मावेल का, हे काकांना विचारा. वाचणाऱ्याला कळेल का, हे बाबांना विचारा. तुम्ही नुसती नळी पाहिलीत, आणि व्याह्यांनी मांडव गमावला."

महाराजांनी ठकूकडे पाहिलं, अडकित्त्याकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की तबकातल्या सुपाऱ्या घरंगळल्या.

"सोडा रे सोमाजीला! आजपासून म्होरक्यांच्या माळा! आणि पोरी, तू बक्षीस माग. शेत? सोनं? हत्ती परत आले की त्यातला एक?"

"नको, महाराज," ठकू म्हणाली आणि हात पुढे केला. "तेवढा तो अडकित्ता द्या."