सँडरिगची शेवटची फांदी

आगगाडी अजून यायची होती, पूल अजून व्हायचे होते, आणि घोड्याहून जोरात धावणारं काही असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सँडरिग नावाचं एक गाव होतं. गावासमोर मोठी खाडी. भरतीला तिच्यात गलबतं चालत आणि ओहोटीला सगळी वाळू उघडी पडे. पलीकडच्या काठावर मार्लवेथचं शहर. काठाकाठानं जायचं तर दोन दिवस लागत, आणि वाळूवरून सरळ गेलं तर एक सकाळ पुरे.

सरळ, म्हणजे म्हणायला सरळ. ती वाळू मोठी लबाड होती. आज जिथे बैलगाडी जाईल तिथे उद्या माणूस कमरेपर्यंत रुतेल. प्रत्येक भरती वाट पुसून जायची. म्हणून गावात पिढ्यानपिढ्या एक वाटाड्या असे. या गोष्टीच्या वेळी ते काम एका बाईकडे होतं. तिचं नाव हेस्टर. तिच्या आधी तिचा बाप ते करायचा, त्याच्या आधी त्याची आई.

पाणी ओसरलं की हेस्टर अनवाणी निघायची. हातात काठी आणि पाठीवर लॉरेलच्या फांद्यांचा भारा. लॉरेलची पानं हिवाळ्यातही हिरवी राहतात, लांबून दिसतात. तळव्यांनी वाळू चाचपत जायचं आणि घट्ट जागा लागली की फांदी रोवायची. लोक मागून फांदी बघत बघत चालायचे. ती वाळूला कान लावायची आणि तासाभरानं येणारं पाणी तिला ऐकू यायचं, असं म्हणतात. मी काही ऐकायला गेलो नव्हतो, पण तिच्या हयातीत सँडरिगचं एक कोकरूसुद्धा वाळूत गेलं नाही, हे सगळे सांगतात.

तिचा एक नियम होता. वाट चालून झाली की फांद्या उपटायच्या. ‘कालची फांदी खोटं बोलते,’ असं ती म्हणायची. वाळू सरकलेली असते, फांदी मात्र तिथेच उभी, आणि भोळा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. परतताना ती स्वतः सगळ्यांच्या मागे राहायची आणि फांद्या काढत यायची. फक्त धुकं पडलं तर ती पुढे जायची, कारण धुक्यात पुढे वाट माहीत असलेलं माणूस लागतं. मग सगळ्यांत मागे जो असेल त्यानं फांद्या काढायच्या.

चर्चची घंटा वाजवणारा गिल्बर्ट एकदा असाच मागे होता. थंडीनं बोटं आखडली होती, म्हणून एक फांदी त्यानं तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी एक फेरीवाला तिच्या भरवशावर चालला. घोडा गेला, माणूस कसाबसा निघाला. रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर, हेस्टरनं गिल्बर्टला असं काही झापलं की चाळिशीतला तो बाप्या मान वर करीना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गिल्बर्टचं तसंच झालं. त्यानं तेव्हापासून फांदी सोडली नाही.

पुढच्याच शरदात मार्लवेथची जत्रा आली. एका ओहोटीला जायचं, दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला परतायचं. सारा गाव गेला. परतीच्या दिवशी हेस्टरनं वाट आखून दिली आणि लोक निघाले. कुणाच्या हातात बदकं, कुणाच्या डोक्यावर नवी टोपी, सगळ्यांच्या तोंडी जत्रेच्या गप्पा. सँडरिगची माणसं पुढच्याची पाठ बघून चालणारी. मागे काय राहिलं ते बघायला हेस्टर होतीच ना.

अर्ध्या वाटेवर हेस्टरच्या लक्षात आलं की टोबायस दिसत नाही. टोबायस म्हणजे जत्रेत व्हायोलिन वाजवणारा लंगडा म्हातारा. सगळ्यांना थांबवलं असतं तर सगळे भरतीत सापडले असते. म्हणून ती काही बोलली नाही. पुढच्या फांद्या उभ्याच होत्या, लोक पोचतील. ती गुपचूप मागे वळली. थोड्याच वेळात भरदुपारी धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात.

रांगेत शेवटी गिल्बर्ट होता. त्यानं वळून पाहिलं, मागे कुणी नाही. पुढच्या बाईला त्यानं विचारलं, “हेस्टर पुढे गेली का?”

“धुकं पडलंय. पुढेच असेल.”

तिनं तिच्या पुढच्याला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. पुढेच असेल, पुढेच असेल, असं करत ते रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि कुणीच पाहिलं नाही. एकानं जरी मागे तोंड करून हाक मारली असती! पण नाही मारली. आणि गिल्बर्टनं आपलं काम केलं. गारठलेल्या बोटांनी एकेक फांदी उपटली आणि काखेत मारली.

काठावर पोचल्यावर लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिली. पुढे हेस्टर नव्हती. मधे नव्हती. मग सगळ्यांची नजर गिल्बर्टच्या काखेतल्या फांद्यांवर गेली. गिल्बर्टनं त्या चर्चच्या पडवीत टाकल्या आणि घंटेकडे धाव घेतली. दोरानं तळहात सोलून निघाले तरी तो वाजवत राहिला.

पाणी चढत होतं. आणि त्या पाण्यातून, घंटेच्या रोखानं, टोबायस एकटाच बाहेर आला. गळ्यापर्यंत भिजलेला, व्हायोलिन डोक्यावर धरलेला. हेस्टर मात्र आली नाही.

शुद्ध आल्यावर त्यानं सांगितलं ते असं. हेस्टरनं त्याला गाठलं आणि अर्ध्या वाटेपर्यंत नीट आणलं. तिथून पुढे फांदीच दिसेना. तिनं वाकून हातानं चाचपलं. फांदीच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात पाणी भरत होतं.

“मी म्हटलं, पोरी, कुणी केलं गं हे?” टोबायस म्हणाला. “तर म्हणाली, गिल्बर्टनं. बरोबर केलंय, बाबा. एकही विसरला नाही. रागावली नव्हती हो ती. हसली थोडीशी.”

मग ती दहा पावलं पुढे जाऊन उभी राहायची, हाक मारायची, आणि तो हाकेवर चालायचा. काठाआधी वाळूतून वाहणाऱ्या शेवटच्या ओढ्यापाशी पायाखालचा तळ हलू लागला. ती मऊ वाळूत घट्ट उभी राहिली. म्हणाली, माझ्या खांद्याला धरून पुढे हो, घंटा ऐकत चाल, मागे बघू नकोस.

“नाही बघितलं मी,” टोबायस म्हणाला. “तिनं सांगितलं म्हणून, आणि भीती वाटली म्हणून.”

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा गाव वाळूवर धावलं. हेस्टर सापडली नाही. पण त्या ओढ्यापासून थेट काठापर्यंत लॉरेलच्या फांद्या ओळीनं उभ्या होत्या. दोन भरत्या वरून गेल्या होत्या आणि पानं कोरडी होती, असं म्हणतात. गिल्बर्टनं उपटलेल्या तर पडवीत पडून होत्या. मग या कुणी रोवल्या, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गिल्बर्टला कुणी बोल लावला नाही. लावणार कोण? ‘पुढेच असेल’ सगळेच म्हणाले होते. त्याचंच त्याला जास्त लागलं. ज्याला वाळूची सगळ्यांत जास्त धास्ती, त्यानंच पुढे वाटाड्याचं काम घेतलं. पण पहिली फांदी उपटण्याआधी तो मागे वळून उभा राही आणि मोकळ्या वाळूला विचारी, “हेस्टर, मागे कुणी राहिलंय का?” आणि वाट बघत राही. सुरुवातीला लोक खाली बघत. पुढे पुढे तेही टोप्या काढून त्याच्या शेजारी उभे राहू लागले.

आता काठानं आगगाडी जाते. वाळूवरून जायची कुणाला गरज नाही. तरी वर्षातून एकदा, जत्रेच्या ओहोटीला, सँडरिगची माणसं अनवाणी खाडी पार करतात. शेवटचा माणूस वळतो आणि तीच हाक मारतो. मग लंगड्या म्हाताऱ्याला शंभर पावलं चालायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ सगळे उभे राहतात. त्यानंतर फांद्या उपटतात, पण काठाजवळची शेवटची फांदी ठेवतात. हेस्टरचा नियम मोडतात, तो एवढाच.

उत्तर कधी आलेलं नाही. तरी काठावर पोचल्यावरही पाणी येताना दिसेपर्यंत ते थांबतात. हेस्टर गेली त्या दिवशी मागे वळून हाक मारायची आणि थांबायचं, तेवढंच करायचं राहिलं होतं.