गुहेतली बैठक आणि टिटवीची अंडी

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथे एक वाघ राहायचा आणि दर उन्हाळ्यात बडे पाहुणे बोलवायची त्याला भारी हौस होती. डोंगरापलीकडून सिंह येई, नदीच्या उगमाकडून हत्ती येई, दलदलीतून मगर येई. वाघाच्या गुहेत त्यांची तीन दिवस बैठक चाले. दारात काटे फुलवून साळींदर पहाऱ्याला बसे. आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही, असा कडक नियम होता. बैठक संपली की साळींदर तोंडात एक फांदी धरून पाहुण्यांच्या पावलांचे ठसेसुद्धा पुसून काढी. आता तुम्हीच सांगा, चांगल्या कामाला आलेल्यांचे ठसे कशाला पुसायचे? पडला ना प्रश्न? जंगलालाही पडला होता.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. नदी आटून नुसती वाळू उरली होती. शेवटच्या डबक्यातलं पाणीही चिखल होऊ लागलं होतं. अशात बैठक सुरू झाली आणि कावळ्याच्या जिभेला जोर चढला. "अरे, जंगलाची वाटणी चाललीय आत! ससे सिंहाला, हरणं वाघाला आणि डबक्यातले मासे मगरीला."

"तू ऐकलंस?" सशाने विचारलं.

"ऐकायला कशाला हवं? चांगलं काही असतं तर लपवलं असतं का?"

ससा तसाच पळत सुटला आणि वाटेत भेटेल त्याला हेच सांगू लागला. संध्याकाळपर्यंत गोष्ट एवढी वाढली, की कोणत्या सशाचा कोणता कान कुणाच्या वाट्याला आला, तेही लोक छातीठोकपणे सांगू लागले. दुसऱ्या दिवशी अर्धं जंगल आपापलं बिऱ्हाड उचलून टेकडीवर गेलं.

टिटवीला मात्र जाता येईना. नदीच्या कोरड्या वाळूत, गोट्यांच्या मधे तिची चार अंडी होती. गोट्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची, शेजारी उभं राहिलं तरी दिसायची नाहीत. अंडी काही पाठीवर टाकून पळता येत नाहीत. बिचारी दिवसभर घालमेल सोसत बसली आणि शेवटी धीर करून गुहेच्या दाराशी गेली.

"साळींदरदादा, मला आतलं काही नको. एवढंच सांगा, नदीत काही होणार आहे का? माझी अंडी आहेत हो तिथे."

साळींदर दारातच बसत असल्याने त्याला सगळं ठाऊक होतं. क्षणभर त्याला वाईटही वाटलं. पण नियम आडवा आला.

"आतलं बाहेर सांगत नसतात, टिटवीबाई. मोठ्यांनी ठरवलंय म्हणजे भल्याचंच असणार. जा, निवांत बसा घरी."

आणि मुलांनो, मला राग येतो तो इथेच. कारण आत खरोखरच भल्याचं ठरत होतं! वाटणीबिटणी काही नव्हती. जंगल तहानेने मरू नये म्हणून हत्तीने नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी काढायचं, असं चौघांनी एकमताने ठरवलं होतं. हत्ती म्हणालासुद्धा, "एकदा खालच्यांना विचारून घेऊ या का?" त्यावर वाघाने मिशा फेंदारल्या. "त्यांना काय विचारायचं? उगाच गोंधळ घालतील. पाणी लागलं की कळेलच." सिंहाने मान डोलावली, मगरीने डोळे मिटले आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हत्ती नदीत उतरला. पहिला खड्डा खणला, कोरडा. दुसरा खणला, तोही कोरडा. मग तो गोट्यांकडे वळला. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत, पंख पसरून त्याच्या पुढ्यात धावली.

"घाबरू नकोस गं," हत्ती मायेने म्हणाला, "तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे." आणि त्याने पाऊल टाकलं.

पायाखाली काहीतरी ओलं लागलं, तेव्हा तो थांबला. त्याने पाय उचलून पाहिलं. चार अंड्यांतलं एकच उरलं होतं.

टिटवी रडली, खूप रडली. "आम्हाला पाणी हवं होतं," हत्ती कसाबसा म्हणाला, "सगळ्यांसाठी."

"मग मला विचारायचं ना! त्या वाकड्या करंजाखालची वाळू रोज पहाटे ओली असते. मी तिथेच चोच भिजवते. या वाळूत राहते मी, गजराज! मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

हत्तीने करंजाखाली सोंडभर खणलं आणि झुळझुळ पाणी वर आलं. वार्ता टेकडीवर गेली, तहानलेले जीव एकेक करत खाली उतरले. टिटवीही आली. पोटाची पिसं पाण्यात भिजवून ती परत गेली आणि उरलेल्या अंड्याला गारवा देत त्याच्यावर बसली.

पुढच्या उन्हाळ्यात हत्तीने गुहेत पाऊल टाकायला साफ नकार दिला. वाघ कुरकुरला, पण शेवटी बैठक करंजाखाली उघड्यावर भरली. साळींदराने फांदी टाकून दिली. हत्तीने सगळ्यांत आधी टिटवीला बोलावलं आणि तिला आपल्या शेजारी बसवलं. पण बाकी जागा रिकाम्याच होत्या. ससे आले नाहीत, हरणं आली नाहीत. वरच्या फांदीवरून कावळा म्हणाला, "ही दाखवायची बैठक. खरी दुसरीकडे चालू असणार."

कावळा खोटं बोलतोय, हे टिटवीला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने आपल्या एकुलत्या पिल्लाला जवळ ओढलं आणि मान वळवून एकदा गुहेच्या दाराकडे पाहून घेतलं.

तात्पर्य : ज्यांच्या भल्याचं ठरवायचं, त्यांनाच दाराबाहेर ठेवू नये, त्याने भलंही चुकतं, आणि एकदा गेलेला विश्वास नुसतं दार उघडल्याने परत येत नाही.