भिवसन लाईन ओळखतो

तापीकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता, भिवसन. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं ते सगळं करायचा.

गावच्या दूध डेअरीच्या छपरावर सोलर होतं. डेअरीला पुरून उरलेली वीज गावच्या लाईनीत जायची. सरकारी लाईन गेली की सोलर आपोआप बंद करणारं एक यंत्र होतं. ते जळालं. चेअरमन आनंदा आबा म्हणाले, "नवं यंत्र कशाला? भिवसन आहे ना." आणि यंत्राच्या जागी भिवसनला बसवलं.

इंजिनियर बागूल साहेबांनी त्याला समजावलं. "लाईन गेली की लाइनमन सुकलाल खांबावर चढतो. त्याला वाटतं, तार मेलेली आहे. आपलं सोलर चालू राहिलं तर तारेत वीज असते. माणूस मरेल. म्हणून लाईन गेली की हा खटका पाडायचा."

"गेली हे कळायचं कसं?"

"दिवा विझला की."

भिवसन दिव्यासमोर स्टूल टाकून बसला. तिसऱ्या दिवशी लाईन गेली. पण दिवा सोलरवर जळतच राहिला. भिवसन त्याच्याकडे बघतच राहिला. तिकडे सुकलाल खांबावरून उडाला आणि उकिरड्यात पडला, म्हणून वाचला.

"अरे, आपल्याच विजेवरचा दिवा विझेल कसा?" बागूल साहेब म्हणाले. "बाहेर विचारायचं. सबस्टेशनला विचारायचं."

पुढच्या खेपेला दिवा जरा फडफडला. भिवसन उठला आणि चालत सबस्टेशनला गेला. सहा मैल. तिथल्या माणसाला विचारलं, "लाईन गेली का?"

"केव्हाच गेली."

भिवसन सहा मैल परत आला आणि खटका पाडला. तोवर सुकलाल दुसऱ्यांदा उकिरड्यात पडून, उठून, दवाखान्यात जाऊन, पट्टी बांधून घरी पोचला होता.

बागूल साहेब आबांकडे गेले. "आबा, यंत्र मागवा."

"भिवसन आहे ना," आबा म्हणाले.

साहेबांनी भिवसनला पुन्हा बसवून सांगितलं, "जागेवरून हलू नकोस. खिडकीतून खांब दिसतो. खांबावर सुकलाल दिसला की खटका पाड."

पण दोनदा भाजलेला सुकलाल शहाणा झाला होता. पुढच्या वेळी तो खाली उभा राहिला आणि त्याने जोडीदार रामसिंगला वर चढवलं. रामसिंग उकिरड्यात पडला.

"खिडकीतून दिसलं नाही का?" साहेबांनी विचारलं.

"दिसलं. पण तो सुकलाल नव्हता."

मग लाइनमननी गावात पाय ठेवायलाच नकार दिला. गाव चार दिवस अंधारात राहिलं. पाचव्या दिवशी आबांच्या घरचं पाणी संपलं, आणि सहाव्या दिवशी यंत्र आलं.

भिवसनने विचारलं, "याला कसं कळतं?"

"हे बघत बसत नाही," साहेब म्हणाले. "लाईनीला मधून मधून बारीकसा धक्का देतं. मागे सरकारची मोठी लाईन उभी असेल तर ती जागची हलत नाही. मागे कोणी नसेल तर हलते. हलली की यंत्र बंद करतं."

"म्हणजे धक्का देऊन बघायचं."

"बरोबर. नुसतं बघायचं नाही, धक्का देऊन बघायचं."

यंत्राचं उद्घाटन झालं. डेअरीच्या अंगणात, गुरांच्या हौदाच्या काठालगत स्टेज बांधलं होतं. आबा माईकसमोर उभे राहिले. सुकलालच्या पट्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. यंत्र आपणच सुचवलं, एवढं बोलले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "का सुचवलं? कारण हे अख्खं गाव आनंदा आबाच्या मागे उभं आहे."

भिवसनने आबांच्या मागे पाहिलं. नुसतं पाहून चालत नाही, हे त्याला आता माहीत होतं. तो स्टेजवर चढला आणि त्याने आबांना बारीकसा धक्का दिला.

आबा हौदात गेले.

सगळं गाव बसल्या जागी बसून राहिलं. सुकलालने तर पाय लांब केले.

भिवसनने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो माईकमधूनच बागूल साहेबांना म्हणाला, "हलले, साहेब. मागे कोणी नाही. बंद करू का?"