सरदाराच्या लग्नाचं वऱ्हाड

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा माणसं मधमाश्यांशी बोलायची आणि माश्यांनाही उत्तर द्यायला सवड असायची.

घनदाट रानाच्या काठाला एक गाव होतं. गावाला नागचाफ्याची राई होती. नागचाफ्याचं लाकूड असं कठीण, की घाव घालण्याआधी कुऱ्हाडसुद्धा विचार करायची. प्रत्येक घराचा मधला खांब या झाडाचाच. म्हणून गावाची एक रीत होती. लग्न ठरलेल्या मुलीनं राईतलं बी पेरायचं, रोपाला दोन पानं फुटली की मगच तिला हळद लागायची. आजीनं लावलेलं रोप नातीच्या घराचा खांब व्हायचं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

त्या गावात आवडी नावाची मुलगी होती. तिचे आजोबा गावचे प्रमुख. माणूस ताठ, आणि त्यांना सगळंच ताठ लागायचं. एकदा राईत उभे राहून ते म्हणाले, "ही वाकडीतिकडी झाडं कशाला पोसायची? यांचा ना खांब होतो ना वासा. हे मधलं बघा, कसं भाल्यासारखं सरळ! याचंच बी पेरू, म्हणजे सगळी राई सरळ होईल."

प्रमुखच बोलले म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या. वाकडी झाडं चुलीत गेली. त्याच झपाट्यात शेजारची डोंगराची सोंडही बोडकी झाली. राईत उरलं एकच झाड. लोकांनी त्याचं नाव ठेवलं सरदार.

मग आवडीचं लग्न ठरलं, सोंडेपलीकडच्या गावातल्या धाकूशी. आवडीनं सरदाराचं बी पेरलं. उगवलं नाही. पुन्हा पेरलं. तेही नाही. पाऊस सरला, दिवाळी गेली, शिमगा आला. पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या, "पोरीच्या हातालाच गुण नाही गं!"

धाकू बाजाराला जाताना कुंपणावरून विचारायचा, "काय गं, फुटलं का पान?"

"पान नाही, तुझं डोकं फुटेल. चालता हो!" आवडी म्हणायची. तो हसत जायचा. तो दिसेनासा झाला की हिचे डोळे भरून यायचे.

एक दिवस तिनं वाफ्यातलं बी उकरलं आणि दगडानं फोडलं. आत काहीच नाही, नुसता भुसा. ती तडक राईत गेली. सरदार फुलांनी पांढराशुभ्र झाला होता.

"एवढा उंच, एवढा देखणा, आणि बी पोकळ?" ती त्याला म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"त्याला कशाला बोलतेस?" फुलातून आवाज आला. एक म्हातारी मधमाशी, पंखांच्या कडा झिजलेल्या. "अगं, आम्ही माश्या म्हणजे रानातल्या मध्यस्थ. या झाडाची पिवळी भुकटी त्या झाडाला, त्याची याला. तेव्हा कुठे बी भरतं. आता मी सरदाराच्या या फुलातून निघते आणि सरदाराच्याच त्या फुलात पोचते. नवराही तोच आणि नवरीही तोच. असल्या लग्नाचा काय मांडव घालायचा?"

आवडीला हसू फुटलं. "मग पलीकडे का जात नाहीस? धाकूच्या गावात झऱ्यावर आहे की एक नागचाफा."

"जायचे गं, सोंडेवर झाडं होती तेव्हा. आता वाटेत ना फूल ना सावली. या वयात उपाशीपोटी कुठवर उडू?"

आवडी धावत घरी आली. आजोबांनी सगळं ऐकलं आणि काठी आपटली. "झऱ्यावरचं ते झाड? खेकड्यासारखं तिरकं गेलंय ते! त्याचं वाकडेपण आपल्या राईत आणू?"

"आजोबा, आजी कुठली होती?"

"पलीकडच्या गावची."

"तिचं नाक कसं होतं?"

आजोबा पागोटं सारखं करू लागले. आजीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"आणि माझं?"

"चाफेकळी," आजोबा पुटपुटले.

"मग माझं नशीब! तेव्हा तुम्हाला वाकडं तोडायची हुक्की आली असती, तर मी कुठून आले असते?"

आजोबांनी हसू दाबून पाहिलं, पण मिशी हललीच. मग ते असे खदखदले, की पागोटं मांडीवर पडलं. "जा, ढोल काढा!" ते म्हणाले. "आधी सरदाराचं लग्न लावू."

दुसऱ्याच पहाटे पलीकडच्या गावाहून वऱ्हाड निघालं. झऱ्यावरच्या वाकड्या झाडाच्या, कळ्यांनी भरलेल्या फांद्या पाण्याच्या कळशांत ठेवलेल्या. कळशा बायकांच्या डोक्यावर, पुढे ढोल, मागे सनई. वाटेत म्हातारी माशी धाकूच्या पागोट्यावर बसून आली. त्यानं तिला उडवलं नाही. कळशा सरदाराच्या फांद्यांना टांगल्या. ऊन चढलं, कळ्या उमलल्या आणि राईभर माश्यांची अशी गुणगुण सुरू झाली, की भटजींना मंगलाष्टकं म्हणायची गरजच उरली नाही. अक्षता मात्र आजोबांनी टाकल्या. सगळ्यांत आधी.

त्या साली सरदाराचं फळ हाताला जड लागत होतं. आवडीनं बी पेरलं. श्रावणात वाफ्यात दोन पानं दिसली, कोवळी, तांबूस. तिच्या ओरडण्यानं सोंडेपलीकडचा धाकू जागा झाला म्हणतात!

हळद लागली, लग्न झालं. पण मांडवाच्या आधी आजोबांनी साऱ्या गावाला सोंडेवर नेलं आणि कुडा, करवंद, जांभूळ लावायला लावलं. "माश्यांच्या मुक्कामाची सोय," ते म्हणाले. पुढे माश्या आपल्या आपण येऊ-जाऊ लागल्या. राईत रोपं उठली, काही सरळ, काही वाकडी. कुणी एकालाही हात लावला नाही.

आवडीच्या रोपाचाच तिच्या नातीच्या घराला खांब झाला. भाल्यासारखा सरळ, फक्त वरच्या टोकाला जरासा वाकडा. त्या वाकड्या टोकालाच घरच्यांनी पाळण्याची दोरी अडकवली.

म्हणून सांगते, एकट्याच्या ताठपणाला बी धरत नाही. लांबच्याशी आणि वाकड्याशीही सोयरीक ठेवावी, तेव्हाच रान वाढतं.