खेकडी आणि राजाचा न दिलेला हुकूम

डोंगराच्या कुशीत एक तळे होते आणि तळ्याच्या बांधात एक खेकडी राहत होती. बांधातल्या भोकातून खालच्या रानाला पाणी जाई. ते भोक किती उघडायचे आणि चिखलाने किती बुजवायचे, हे खेकडीने ठरवावे, असा रानाचा कायदा होता. पण मुलांनो, त्याच कायद्यात पुढे असेही होते, की रानाच्या भल्यासाठी राजा तिला हुकूम देऊ शकतो. फक्त तो त्याने वडाखाली, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने द्यायचा.

फाल्गुनात सिंहाला गादीवर बसून वर्ष होणार होते. त्याचा प्रधान कोल्हा बांधावर आला. "खेकडीताई, उत्सवाला कुरण हिरवंगार दिसायला हवं. भोक सताड उघड."

"हा महाराजांचा हुकूम का?"

"छे, छे! हुकूम कसला? नुसती इच्छा. तुझा कारभार स्वतंत्र आहे, बाई! मात्र ऐकलं नाहीस, तर बांधात दुसरा खेकडा बसवता येतो."

खेकडी चक्रावली. हुकूम नाही, मग ऐकायचे कशाला? कारभार स्वतंत्र, मग बिळातून हाकलतील कसे? भोक उघडले तर वैशाखात तळे कोरडे. नाही उघडले तर बीळ गेले. कायदा करणाऱ्यांपैकी एक म्हातारे कासव तेवढे उरले होते. तिने त्याला गाठले. "आजोबा, तळं माझ्या हाती की राजाच्या?"

कासव पुटपुटले, "दोघांच्याही. तसं पाहिलं तर कुणाच्याच नाही. समजून घ्यायचं असतं, पोरी. आमच्या वेळी घेत होते." आणि त्याने मान आत ओढली.

"मला तर आत घ्यायला मानच नाही!" खेकडी फणकारली आणि तिरकी तिरकी चालत तडक वडाखाली गेली. उत्सवाच्या तयारीसाठी सिंहासह सारे रान तिथे जमले होते.

"महाराज, भोक उघडायचा हुकूम द्या. आत्ता उघडते."

"मग वैशाखात माझ्या पाडसानं काय प्यायचं?" हरिणीने विचारले.

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्ह्याने स्वतःच्या शेपटीकडे. "मी... मी कुठे काय म्हणालो?" सिंह खाकरला. "तुला योग्य वाटेल तेवढंच उघड."

खेकडीने परत येऊन भोकावर आणखी चिखल थापला. तळे कुणाचे, हे तिला अजूनही कळले नव्हते. पण वैशाखात पाडस आले, तेव्हा तळ्यात पाणी होते.

तात्पर्य : ज्याला हुकमाचा अधिकार आहे, त्याने तो चारचौघांत वापरावा आणि त्याचा दोषही पत्करावा; कानात सांगितलेल्या इच्छेला कुणी बांधील नसते.