करवंटीपुढची पिवळी

“पण आई असून मारतेच कशी, बाबा?”

असं विचारणाऱ्या खांबेटेसरांचाच सगळा दोष होता. मादीचा नव्हता, पाण्याचा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सर स्वतःहून कधीच सांगणार नव्हते. चौतीस वर्षं हेडमास्तर. हॉस्टेलच्या पोरांच्या पेट्या उघडून, पोरींची पत्रं आधी स्वतः वाचून निवृत्त झालेला माणूस. चूक कुणाची हे ठरवायची सवय. त्यात स्वतःचं नाव कधी आलंच नाही.

दस्तगीरबाबा ओल्या फडक्यानं माशांच्या टाकीची काच पुसत राहिले.

दर्ग्यामागच्या त्यांच्या खोलीत भिंतीला लागून अकरा टाक्या होत्या. मोठ्यात मोठी दोन फुटी. आत बुटके सिक्लिड. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, पण घर राखायला उभा राहिला की हातालाही चावतो. बाबा थकले होते. टाक्या पुढं कुणाला द्यायच्या ते ठरायचं होतं, आणि त्या आपल्यालाच मिळणार असं सर गावभर सांगून बसले होते.

अट एकच होती. बाबांनी त्यांना एक जोडी दिली होती. मादीनं करवंटीत अंडी घातली, ती राखायला स्वतः हळदीसारखी पिवळी झाली, की नर काढून घ्यायचा आणि टाकीवर कापड टाकायचं. नऊ दिवस बघायचं नाही. वरून चिमूटभर खाणं सोडायचं, बस्स. का, ते बाबांनी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना नीट सांगायला काय होतं, कोण जाणे.

“काय केलं तिनं?” बाबांनी विचारलं.

“साठ पिल्लं होती. एका दुपारीत संपवली. खाल्लीसुद्धा नाहीत. चावायची आणि टाकायची… चावायची आणि टाकायची.”

“पिल्लं तिच्यापाशीच होती?”

“तिच्यापाशीच.”

“पहिल्यापासून?”

सर पंपाच्या बुडबुड्यांकडे बघत राहिले…

“हे बघा बाबा, मी विज्ञान शिकवलंय. अंड्यांना बुरशी लागते. म्हणून दुसऱ्याच दिवशी करवंटी तेवढी उचलली, अंड्यांसकट. आतल्या खोलीत बरणीत ठेवली, निळं औषध घातलं. तिला दुसरी करवंटी दिली. अगदी तशीच. तिला कळलंही नाही.”

“आणि कापड?”

“टाकलं होतं. अधूनमधून बाजूला केलं, एवढंच.”

“पोरं कॉपी करत होती व्हय, मास्तर? म्हणून फेऱ्या मारत होता?”

सरांना हे लागलं. पण गरज त्यांना होती.

“तिला कळलं नाही म्हणता,” बाबा म्हणाले.

“नाहीच कळलं! तेच तर…” सरांचा आवाज खाली आला. “रिकाम्या करवंटीपुढं उभी राहिली. नऊ दिवस. मग बाहेर आली. पोहायला लागलेल्या पिल्लांना आई फिरवते ना, तशी फिरायला लागली. सावकाश. मधेच थांबायची, वळून बघायची, कुणी मागं राहिल्यासारखी… पाण्यात काही नव्हतं, बाबा. मी भिंग लावून बघितलं.”

“मग?”

“मग काय. दिवस मावळला की सगळ्यांना आत घ्यायची.”

“कुणाला?”

‘सगळ्यांना’ हा शब्द आपल्याच तोंडून गेला, हे सरांना आत्ता ऐकू आलं.

“अजून एक आहे,” ते म्हणाले. “ती करवंटीत शिरली, की तिकडे बरणीतली पिल्लं खाली बसायची. सगळी एकदम. मधे अख्खी भिंत होती, बाबा. तीन संध्याकाळी बघितलं मी. घड्याळ लावून.”

“आणि तरी ती पिल्लं उचलून तिच्यापुढं टाकली?”

टाकली होती. कारण आई आणि पिल्लं एका टाकीत दाखवून ‘बघा, मी अट पाळली’ म्हणायचं होतं. सर तसं बोलले नाहीत.

“दया आली,” म्हणाले.

“कुणाची?”

“मादीतच खोट आहे!” सर उसळले. “डोकं फिरलंय तिचं. विश्वास नसेल तर बघा, घेऊनच आलोय.”

पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. मादी अजून पिवळीच होती.

बाबांनी डब्यात जवळच्या एका टाकीचं पाणी घातलं, वाटी वाटी करून. घाई केली नाही. मग डबा हळूच त्याच टाकीत कलता केला. तिथं दहा-बारा टेट्रा मासे होते, सुईसारखे बारीक, सगळीकडे भिरभिरणारे.

मादी बाहेर आली. थांबली. वळून डब्याकडे बघत राहिली… शेवटचं कुणी बाहेर पडेपर्यंत थांबावं तशी. मग निघाली.

टेट्रा बाजूला झाले.

तिच्यासाठी नाही. तिच्या मागं वीतभर पाणी मोकळं राहिलं, आणि त्या पाण्यातून एकही टेट्रा आडवा गेला नाही.

बाबांनी ड्रॉपरनं त्या मोकळ्या जागेत खाणं सोडलं. जिवंत, केशरी ठिपके. ते खाली येऊ लागले. सर बघत होते. एक ठिपका गेला. मग दुसरा. मग एका बाजूचे चार-पाच… मादीनं तोंड हलवलं नव्हतं. तळापर्यंत एकही पोचला नाही.

सरांनी चष्मा वर सरकवला आणि नाक काचेला लावलं. बघितल्याशिवाय हा माणूस राहूच शकत नव्हता.

मादी वळली. सगळे पंख फुलवून काचेशी आली, सरांच्या डोळ्यांसमोर, आणि तिथंच उभी राहिली. सरांनी मान डावीकडे केली, ती डावीकडे. उजवीकडे केली, ती उजवीकडे.

“काही नाहीये तिथं,” सर म्हणाले. “बाबा, सांगा ना. काही नाहीये ना?”

बाबांनी ड्रॉपर धुऊन ठेवला.

“तुम्हाला दिसू नये म्हणूनच ती उभी आहे, मास्तर.”

त्या अकरा टाक्यांतली एकही सरांना मिळाली नाही.